सासरी गेलेली मोजली, ऊसतोडीला गेलेली राहिली : स्थलांतराच्या फुकट डेटाचं परीक्षण

स्थलांतरावर प्रबंध, अहवाल किंवा बातमी लिहायची म्हटली की पहिल्याच दिवशी तीन नावं कानावर पडतात. जनगणनेचे डी-तक्ते (म्हणजे स्थलांतराचे तक्ते), एनएसएस म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ६४ वी फेरी आणि पीएलएफएस म्हणजे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, २०२०-२१ चं. तिन्ही सरकारी, तिन्ही फुकट. फुकट मिळतं म्हणून त्यांची पारख कुणी करत नाही. मोबाइल घेताना दहा रिव्ह्यू वाचणारा माणूस डेटा मात्र हाताला लागेल तो उचलतो. मग बीडच्या ऊसतोड कामगारांवरच्या अहवालाचं पहिलं वाक्य होतं, ‘भारतात दरवर्षी ४५ कोटी लोक स्थलांतर करतात.’ या ४५ कोटींत पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन शेजारच्या गावात आलेली आजी आहे. ती पुन्हा कुठे गेलेलीही नाही. ऊसतोडीला गेलेलं जोडपं त्यात आहे की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

जे विद्यार्थी, पत्रकार, संस्थांचे कार्यकर्ते हा डेटा खरोखर वापरणार आहेत, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. थोडक्यात मत असं: कोण कुठून कुठे कायमचं गेलं यासाठी जनगणना, चार-पाच महिन्यांसाठी कामाला जाणाऱ्यांसाठी जुनी असली तरी ६४ वी फेरी, आणि स्थलांतरित व स्थानिक यांचं काम-मजुरी शेजारी शेजारी ठेवून बघायची तर पीएलएफएस. गेलेला माणूस तिथे रुळला का, सुखात आहे का, याचं उत्तर तिन्हींत नाही. ते प्रश्न स्वतःच विचारावे लागतात. कसे विचारायचे ते पुढे येईलच.

जनगणनेचे डी-तक्ते

जनगणना दोन प्रकारे स्थलांतरित ठरवते. जन्म एका ठिकाणी आणि मोजणी दुसऱ्या ठिकाणी झाली, हा एक प्रकार. याआधीचं राहण्याचं ठिकाण वेगळं, हा दुसरा. डी-१ तक्ता जन्मस्थानावर चालतो. डी-२, डी-३ आणि डी-५ आधीच्या निवासावर चालतात. डी-२ मध्ये इथे येऊन किती काळ झाला ते मिळतं, डी-३ मध्ये त्याला कारणाची जोड मिळते, डी-५ मध्ये वयही येतं. एकच तक्ता उघडायला वेळ असेल तर डी-३ उघडा.

जन्मस्थानाची व्याख्या आपल्याकडे कशी फसवते हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पहिलं बाळंतपण माहेरी. सून बार्शीची, सासर लातूरचं, मूल जन्मलं बार्शीत आणि सव्वा महिन्यानं लातूरला आलं. कागदावर ते बाळ स्थलांतरित. म्हणून तर कारणांच्या यादीत ‘जन्मानंतर हलवले’ असा स्वतंत्र रकाना आहे. तो रकाना न वगळता ‘इतकी लहान मुलं स्थलांतर करतात’ असं लिहिलेलं सर्रास दिसतं. ते चूक आहे.

२०११ च्या जनगणनेत आधीच्या निवासानुसार स्थलांतरित ४५.५८ कोटी निघाले. २००१ मध्ये हा आकडा ३१.४५ कोटी होता. २०११ च्या एकूण आकड्यात लग्न हे कारण सांगणारे ४६ टक्क्यांच्या आसपास, तर काम-नोकरी सांगणारे दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे हा तक्ता आधी विवाहसंस्थेचं चित्र देतो, मजुरीच्या बाजाराचं नंतर. आणि ‘लग्न’ सांगणाऱ्या बाईनं पुढे शहरात वीस वर्षं घरकाम केलं, बांधकामावर विटा वाहिल्या, तरी तिचं कारण लग्नच राहतं. एका व्यक्तीला एकच कारण, तेही येतानाचं. बाईच्या कामासाठीचं स्थलांतर या तक्त्यांत कमीच दिसणार, हे गृहीत धरूनच पुढे जायचं.

तरीही डी-३ कामाचा आहे. वापरायची रीत अशी. आधी ‘एकूण’ कालावधीची ओळ सोडून द्या. एक वर्षापेक्षा कमी आणि १ ते ४ वर्षं या दोन गटांची बेरीज घ्या, म्हणजे गेल्या पाच वर्षांत आलेले लोक मिळतात. ‘कालावधी सांगितला नाही’ ही ओळ लहान नसते. ती कुठल्या गटात ढकलू नका, वेगळीच दाखवा. मग कारणांतून काम आणि व्यवसाय हे दोन रकाने पुरुषांसाठी वेगळे आणि बायकांसाठी वेगळे काढा. इतकं केल्यावर जो आकडा उरतो तो ४५ कोटींच्या मानानं फारच लहान असतो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तोच देतो.

तक्त्याची मोठी खोट दुसरीच आहे. आधीचं निवासस्थान तीन खणांत येतं: याच जिल्ह्यात इतरत्र, याच राज्यातल्या इतर जिल्ह्यांत, आणि इतर राज्यांत. इतर राज्यांची नावं मिळतात. राज्यातल्या जिल्ह्यांची नावं मात्र या नेहमीच्या तक्त्यांत मिळत नाहीत. उत्तर प्रदेशातून महाराष्ट्रात किती आले ते कळतं, बीडमधून कोल्हापुरात किती आले ते कळत नाही. गणकाच्या फॉर्मवर जिल्ह्याचं नाव लिहिलेलं असतं, पण तक्त्यात येईपर्यंत ते पुसलं जातं. तालुका आणि गाव पातळीवर तर हे तक्ते जातच नाहीत. महाराष्ट्रात खेड्यातून शहराकडे आणि मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्राकडे होणारी सगळी ये-जा ‘इतर जिल्हे’ या एका ओळीत कोंबलेली आहे.

त्यातून उशीर. २०११ च्या मोजणीचे स्थलांतराचे काही महत्त्वाचे तक्ते २०१९ मध्ये हाती आले. डेटा आला तेव्हा आठ वर्षांचा होता.

बाहेर गेलेल्यांसाठी जनगणनेत एक आडवाट आहे आणि ती तक्त्यांपेक्षा बरेचदा जास्त सांगते. जिल्ह्याची लोकसंख्यावाढ आणि स्त्री-पुरुष प्रमाण एकत्र वाचायचं. रत्नागिरीत २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. त्याच दशकात रत्नागिरीची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी. चाकरमान्यांचा जिल्हा ओळखायला याहून साधी खूण नाही. मात्र घट एकट्या स्थलांतरानं होत नाही, जन्मदर घसरल्यानंही होते. म्हणून २० ते ३४ वयोगटातलं प्रमाण काढून बघावं. त्या वयात पुरुष गायब असतील तर ते बाहेरगावी गेले, असं म्हणायला आधार मिळतो.

एनएसएसची ६४ वी फेरी

जुलै २००७ ते जून २००८. सव्वा लाख कुटुंबं, पावणेसहा लाख माणसं. जुनी म्हणून नाक मुरडू नका. थोड्या काळासाठी कामाला जाणं, गावातून बाहेर गेलेले सदस्य आणि त्यांनी पाठवलेले पैसे हे तिन्ही विषय एकाच पत्रिकेत आहेत. असा संच नंतर इतक्या मोठ्या नमुन्यावर सहज मिळत नाही. अहवालाचा क्रमांक ५३३. त्यात स्थलांतराचं प्रमाण २८.५ टक्के आहे.

इथे ‘नेहमीचं निवासस्थान’ म्हणजे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलेलं ठिकाण. ते बदललं तर तो माणूस स्थलांतरित. याशिवाय गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी किंवा कामाच्या शोधात एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला माणूस अल्पकालीन स्थलांतरित. अहवालाप्रमाणे असे लोक ग्रामीण भागात १.७ टक्के, शहरी भागात एक टक्क्याच्याही बरेच खाली. हे प्रमाण पाहून अनेकांनी निष्कर्ष काढला की हंगामी स्थलांतर किरकोळ आहे.

आता ही व्याख्या ऊसतोडीवर ठेवून बघा. टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते, मार्च-एप्रिलात परतते. हंगाम लांबला तर सहा महिने होऊन जातात. मग ती माणसं ‘सहा महिन्यांपेक्षा कमी’मध्ये बसत नाहीत. दुसरीकडे, त्या काळात ती एका फडावरून दुसऱ्या फडावर, कधी एका कारखान्याकडून दुसऱ्याकडे जातात. सलग सहा महिने एका ठिकाणी राहिली असंही होत नाही, त्यामुळे निवासस्थानही बदलत नाही. ना अल्पकालीन, ना स्थलांतरित. दोन व्याख्यांच्या मधल्या फटीत अख्खा कोयता पडतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला देतो, पण सर्वेक्षण मोजतं ते एकेकट्या माणसाला. हासुद्धा एक मासला.

दुसरी गळती कुलपाची. सर्वेक्षण घराघरात जातं. घरातला एक जण बाहेर असेल तर मागे राहिलेले सांगतात. ऊसतोडीला सगळं घरच जातं, मागे राहिलीच तर म्हातारी माणसं. नमुन्यात आलेल्या घराला कुलूप असेल तर त्याच्या जागी दुसरं घर घेतलं जातं. ते दुसरं घर अर्थातच न गेलेल्याचं असतं.

यावर एक उपाय डेटातच आहे. सर्वेक्षण वर्षभर चार उपफेऱ्यांत होतं. पहिली जुलै-सप्टेंबर, दुसरी ऑक्टोबर-डिसेंबर, तिसरी जानेवारी-मार्च, चौथी एप्रिल-जून. टोळ्या पावसाळ्यात घरी असतात आणि प्रश्न मागच्या ३६५ दिवसांचा आहे. म्हणून अल्पकालीन स्थलांतराचं प्रमाण आधी उपफेरीनुसार काढा. पहिल्या उपफेरीतला आकडा तिसरीपेक्षा ठळकपणे वर असेल, तर वर्षभराची सरासरी खाली कशामुळे आली ते समोरच दिसतं. नमुना चौथाईवर येतो, म्हणून हे जिल्ह्यासाठी करू नये, एनएसएसच्या प्रदेशासाठी करावं. महाराष्ट्राचे असे सहा प्रदेश आहेत आणि मराठवाडा ‘अंतर्गत मध्य’ या नावाखाली येतो. बीड-लातूर शोधणाऱ्यांनी तिथे बघावं.

पीएलएफएस २०२०-२१

जुलै २०२० ते जून २०२१. स्थलांतराचे प्रश्न या एका वर्षात घातले गेले आणि अहवाल जून २०२२ मध्ये आला. स्थलांतराचं प्रमाण २८.९ टक्के, ग्रामीण २६.५, शहरी ३४.९. स्त्रियांत ४७.९ टक्के, पुरुषांत १०.७ टक्के. स्थलांतरित स्त्रियांत लग्न हे कारण ८६.८ टक्के जणींचं, स्थलांतरित पुरुषांत कामाशी निगडित कारणं जवळपास निम्म्यांची.

६४ व्या फेरीच्या २८.५ शेजारी २८.९ ठेवून ‘तेरा वर्षांत काहीच बदललं नाही’ असं लिहिण्याचा मोह टाळावा. हे वर्ष करोनाचं. शहरातून परतलेले लाखो लोक त्या वेळी गावात होते, काही पुन्हा निघाले होते, काही वाट बघत होते. म्हणून या फेरीत ‘तात्पुरते पाहुणे’ नावाचा वेगळा गट केला: मार्च २०२० नंतर घरी आलेले आणि १५ दिवस ते सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले. त्यांचं प्रमाण ०.७ टक्के भरलं. ‘पाहुणे’ हा शब्द बघा. पुण्यातल्या बांधकामावरून चालत गावी आलेला मुलगा सरकारी व्याख्येत आपल्याच घरी पाहुणा.

डेटा डाउनलोड करायला सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नाव नोंदवावं लागतं. पैसे लागत नाहीत. पुढे जिथे हमखास गाडी अडते त्या जागा:

फाइल साध्या मजकुराची, ठरावीक रुंदीच्या रकान्यांची असते. सोबतच्या लेआउटच्या एक्सेलमध्ये कुठला रकाना कितव्या अक्षरापासून कितव्यापर्यंत ते दिलेलं असतं. सगळे ओळख-कोड मजकूर म्हणून वाचा. आकडा म्हणून वाचले तर ‘०१’ चा ‘१’ होतो, आणि कोड एकमेकांना चिकटवून कुटुंबाची किल्ली बनवली की दोन वेगळ्या घरांची किल्ली एकच निघते. चूक कुठलाही एरर न देता होते, म्हणून ती महिनोन्महिने सापडत नाही.

किल्लीत तिमाही, भेटीचा क्रमांक, एफएसयू (नमुन्यात निवडलेलं गाव किंवा शहरी खंड) क्रमांक, उपगटाचा क्रमांक, दुसऱ्या टप्प्याचा स्तर आणि कुटुंबाचा क्रमांक हे सगळं हवं. व्यक्तीसाठी त्याला अनुक्रमांक जोडायचा. कुटुंबाची आणि व्यक्तींची फाइल जोडल्यावर एकही व्यक्ती बिनकुटुंबाची उरली तर पुढे जाऊ नका.

या फेरीत शहरी भागात एकाच घराला चार वेळा भेट दिली जात होती. वार्षिक अंदाजासाठी पहिल्या भेटीची फाइल घ्यायची. पुनर्भेटीची फाइल तिच्याखाली जोडली की शहरातली माणसं पुन्हा पुन्हा मोजली जातात.

भारांक किंवा मल्टिप्लायर (नमुन्यातला एक माणूस किती माणसांच्या वतीनं मोजायचा तो आकडा) सरळ वापरायचा नसतो. फाइलमधले एनएसएस आणि एनएससी हे दोन रकाने (इथे एनएसएस हे सर्वेक्षणाचं नाव नव्हे) सारखे असतील तर मल्टिप्लायरला १०० ने भागायचं, वेगळे असतील तर २०० ने. वर्षाचा अंदाज हवा तर पुन्हा तिमाहींच्या संख्येनं भागायचं. हे शेवटचं भागायला विसरलं तर टक्केवारी फारशी हलत नाही, लोकसंख्या मात्र चौपट होते. फक्त टक्के बघणाऱ्याला चूक कळतच नाही.

आणि सगळ्यात आधी अहवालातले पाच आकडे स्वतः काढून बघा: २८.९, २६.५, ३४.९, ४७.९, १०.७. दशांशापर्यंत जुळले की मगच महाराष्ट्राचा कोड २७ आणि गोव्याचा ३० लावून खाली उतरा. जिल्ह्याचा कोड फाइलमध्ये असतो म्हणून जिल्ह्याचे अंदाज काढू नयेत, नमुना त्यासाठी आखलेला नाही. ‘सांगली जिल्ह्यातील स्थलांतरितांची बेरोजगारी’ असा आलेख दिसला तर खाली किती माणसांवर तो उभा आहे ते विचारावं. बरेचदा उत्तर दोन आकडी असतं.

खासगी किंवा विद्यापीठीय संचांपैकी आयएचडीएस म्हणजे भारत मानव विकास सर्वेक्षण हा एकच इथे घेण्याजोगा. २००४-०५ मध्ये ४१,५५४ कुटुंबं, २०११-१२ मध्ये ४२,१५२, मेरीलँड विद्यापीठ आणि दिल्लीची आर्थिक संशोधन संस्था एनसीएईआर यांचं काम. घराबाहेर राहणाऱ्या सदस्यांची माहिती, कर्ज, नातेसंबंध, संस्थांवरचा विश्वास असे प्रश्न त्यात आहेत, त्यामुळे रुळण्याच्या विषयाला थोडा तरी हात लागतो. पहिल्या फेरीतली ८३ टक्के कुटुंबं दुसऱ्या फेरीत पुन्हा सापडली. न सापडलेल्यांत घर हलवून गेलेले कितीतरी असणार. स्थलांतराच्या अभ्यासात गळालेला नमुना म्हणजेच विषय, हे लक्षात ठेवून तो वापरावा.

केरळकडे काय आहे

तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये के. सी. झकारिया आणि एस. इरुदया राजन यांनी १९९८ मध्ये केरळ स्थलांतर सर्वेक्षण सुरू केलं. तेव्हापासून ते ठरावीक वर्षांनी होत आलं आहे. १९९८ मध्ये परदेशी गेलेले केरळी १३.६ लाख होते, २०२३ मध्ये सुमारे २२ लाख. एकच प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे आखातातली मंदी, पूर, करोना यांचा परिणाम त्यात ओळीनं दिसतो. तीच पद्धत वापरून गोव्यातही २००८ मध्ये सर्वेक्षण झालं. महाराष्ट्राकडे असं नियमित सर्वेक्षण नाही. मनीऑर्डरवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं कोकण आणि टोळ्या पाठवणारा मराठवाडा असलेल्या राज्याला ते परवडत नाही असं म्हणणं कठीण आहे.

रुळणं आणि सुख

इथे युरोपचा डेटा आपल्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. युरोपियन सोशल सर्व्हे २००२ पासून दर दोन वर्षांनी होतो, नोंदणी केली की फुकट मिळतो. तुमचा जन्म याच देशात झाला का, आईवडिलांचा कुठे, इथे कोणत्या वर्षी आलात, आयुष्यात ० ते १० पैकी किती समाधानी आहात, लोकांवर किती विश्वास आहे, हे सगळं एकाच माणसाला विचारलेलं असतं. २००२ आणि २०१४ च्या फेऱ्यांत स्थानिकांना स्थलांतरितांबद्दल काय वाटतं त्याचा खास विभाग आहे.

पण त्यालाही कुलूप आहे, भाषेचं. त्या देशातल्या किमान पाच टक्के लोकांची जी मातृभाषा, त्याच भाषांत मुलाखत होते. नुकता आलेला, भाषा न येणारा माणूस आपोआप बाहेर. उरतात ते बऱ्यापैकी रुळलेले, आणि मग निष्कर्ष निघतो की स्थलांतरित बऱ्यापैकी रुळलेत. शिवाय एका देशात साधारण दीड-दोन हजार मुलाखती. जर्मनीतल्या किंवा नेदरलँड्समधल्या मराठी माणसांवर यातून काही लिहिण्याचा विचार असेल तर आधी भारतात जन्मलेले किती जण आहेत ते मोजा. बोटांवर मोजून होतील, आणि मराठी कोण ते कळणार नाही.

स्थलांतरितांसाठी कायदे किती मोकळे हे मोजणाऱ्या मायपेक्स निर्देशांकात २०२० च्या आवृत्तीत ५६ देश आहेत. भारताला १०० पैकी २४ गुण आहेत, तळाजवळचे. हा आकडा पुण्यातल्या बिहारी किंवा ओडिया कामगाराबद्दल वापरू नका. मायपेक्स परदेशी नागरिकांबद्दल बोलतो, तो कामगार तर मतदार आहे. राज्याराज्यांतल्या स्थलांतरासाठी याच धर्तीवर मुंबईच्या इंडिया मायग्रेशन नाऊ या संस्थेनं इम्पेक्स बनवला आहे. तो त्याला जास्त लागू पडतो. दोन्ही धोरण मोजतात, अनुभव नाही. ‘एक देश एक रेशनकार्ड’ २०१९ च्या ऑगस्टमध्ये चार राज्यांत सुरू झालं, महाराष्ट्र-गुजरात ही त्यातली एक जोडी, आणि जून २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचलं. निर्देशांकात एवढ्यानं गुण मिळतात. दुकानदारानं धान्य दिलं का, बोटाचा ठसा लागला का, कार्डावरची अर्धी माणसं गावी असताना वाटणी कशी झाली, हे वेगळं विचारावं लागतं. त्या योजनेचे व्यवहारांचे आकडे वापरताना एवढं बघा की एक व्यवहार म्हणजे एक माणूस नव्हे, आणि जिल्हा बदलून घेतलेलं धान्य व राज्य बदलून घेतलेलं धान्य वेगळं काढलं आहे ना.

सुखाच्या मोजणीत सर्वांत जास्त वापरली जाते ती कँट्रिलची शिडी. तळाशी शून्य म्हणजे तुमच्या दृष्टीनं वाईटात वाईट आयुष्य, वर दहा म्हणजे चांगल्यात चांगलं, तुम्ही कितव्या पायरीवर? जागतिक आनंद अहवालानं २०१८ मध्ये हीच शिडी वापरून ११७ देशांतल्या स्थलांतरितांचा क्रम लावला. फिनलंड स्थलांतरितांच्या यादीतही पहिला आणि एकूण लोकसंख्येच्या यादीतही. निष्कर्ष असा की स्थलांतरिताचं सुख बऱ्याच अंशी तो जिथे राहतो तिथल्या लोकांच्या सुखाच्या पातळीला येतं, मूळ देशाची छाप थोडी उरते. हा निष्कर्ष देशाबाहेर गेलेल्यांचा आहे. देशातल्या देशात खेड्यातून शहरात गेलेल्यांचं चित्र याच अहवालात चीनच्या निमित्तानं येतं, आणि ते उलटं आहे. २००२ च्या सर्वेक्षणात ० ते ४ च्या मोजपट्टीवर गावात राहिलेले २.७, मूळचे शहरी २.५, आणि गावातून शहरात आलेले २.४. कमाई वाढली, पण तुलना करायला शेजार बदलला. महाराष्ट्रात हंगामी मजुरांचा अभ्यास करणाऱ्यानं फिनलंडपेक्षा हा तक्ता समोर ठेवावा.

दुसरा धडा टोंगाचा. हा अभ्यास झाला तेव्हा न्यूझीलंड दरवर्षी २५० टोंगन लोकांना चिठ्ठ्या काढून घेत होतं. चिठ्ठी लागलेले आणि न लागलेले मुळात सारखेच असल्यामुळे तुलना स्वच्छ होते. हाती आलेलं उत्तर असं: उत्पन्न खूप वाढलं, मानसिक आरोग्य सुधारलं, आनंदाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र खाली गेलं. आणखी एक गोष्ट त्यातून निघाली. ‘येण्याआधी तुमची स्थिती कितव्या पायरीवर होती?’ असं मागे वळून विचारलं तर लोक प्रगती झाली म्हणतात. चिठ्ठी न लागलेल्यांशी ताडून बघितलं तर ती प्रगती दिसत नाही. तेव्हा आठवणीवर आधारित पायरी विचारायची असेल तर विचारा, पण तिच्यावर निष्कर्ष टांगू नका.

यावरून नमुना कसा हवा ते ठरतं. फक्त कामाच्या ठिकाणी जाऊन मजूर आणि स्थानिक यांची तुलना पुरत नाही. त्याच गावातली न गेलेली, पण गेलेल्यांसारखीच कोरडवाहू शेती आणि तितकंच कर्ज असलेली घरं तिसरा गट म्हणून हवीत. ती शोधायला वेळ लागतो म्हणून हा गट बहुतेक प्रबंधांत नसतो.

प्रश्नांची भाषा हा स्वतंत्र घोळ. ‘तुम्ही किती समाधानी आहात?’ याला मराठीत सात्त्विक उत्तर येतं. समाधान मानणं हा गुण समजला जातो, मोजमाप नव्हे. ‘आनंदी’ म्हटलं तर लोक सणावाराचं बोलतात. ‘कसं चाललंय?’ला ‘बरं चाललंय’ हे ठरलेलं उत्तर. त्यापेक्षा शिडीचं चित्र काढलेला कागद हातात द्यावा आणि बोट ठेवायला सांगावं. शून्य म्हणजे जमीन, पहिली पायरी नव्हे, हे आधी दाखवावं, नाहीतर अकरा उत्तरांची दहा होतात. हा प्रश्न उचल, कर्ज, मजुरी यांच्या आधी विचारावा. कर्जाचा आकडा तोंडातून निघाल्यावर पायरी खाली येते. मुकादम किंवा कारखान्याचा चिटबॉय जवळ असताना विचारूच नये, आणि बाईला नवऱ्यासमोर नाही.

शिडीच्या जोडीला जागतिक आरोग्य संघटनेचा पाच प्रश्नांचा संच घ्यावा, डब्ल्यूएचओ-५. मागच्या दोन आठवड्यांबद्दल पाच वाक्यं, प्रत्येकाला ० ते ५, बेरीज २५ पैकी. चारनं गुणलं की शंभरात येते. बेरीज १३ च्या खाली असेल तर नैराश्याची पुढची तपासणी सुचवतात. त्यातलं एक वाक्य ताजंतवानं होऊन उठण्याबद्दल आहे. पहाटेच कोयता घेऊन निघणारी बाई या प्रश्नाला काय म्हणेल हे ठाऊक असूनही तो गाळू नये, गाळला की बेरीज इतर अभ्यासांशी जुळत नाही. हंगामाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि घरी परतल्यावर महिनाभरानं, अशा तीन मोजण्या घेतल्या तर थकवा आणि नैराश्य वेगळं काढता येतं.

शरीराचे प्रश्न याच पत्रिकेत असावेत. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा आकडा वर सांगितलेल्या कुठल्याही राष्ट्रीय संचातून निघाला नाही. बीड जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची मुद्दाम पाहणी झाली तेव्हा १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. हे २०१९ साल.

पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ ठरली आहे, बर्फाळ प्रदेश वगळता. २०११ मध्ये मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली आणि बेघरांची २८ च्या रात्री. म्हणजे पुन्हा फेब्रुवारी, पुन्हा गाळपाचा हंगाम. कारखान्याच्या शिवारात कोप्या (मजुरांच्या झोपड्या) उभ्या असतील आणि गावच्या घरांना कुलपं. कोपीत मोजलेलं जोडपं पश्चिम महाराष्ट्राच्या लोकसंख्येत जाईल, ‘एक वर्षापेक्षा कमी’ आणि ‘इतर जिल्हे’ या ओळींत. गणक फडापर्यंत पोचला नाही तर दोन्हीकडून सुटेल. साखर पट्ट्यात काम करणाऱ्या संस्थांनी आपल्या भागातल्या कोप्यांची यादी, कारखाना आणि गट क्रमांकासह, जानेवारीतच तहसील कार्यालयात पोचती करून पोच घेऊन ठेवावी.